‘आम्हाला काही नको, लग्न तेवढे तोलामोलाचे करून द्या’

ताई, सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्याची. माझे यजमान एका सरकारी कार्यालयात भांडारपाल होते. ज्या खुर्चीवर बसून इतरांनी बंगले बांधले, त्या खुर्चीवर ते निवृत्तीपर्यंत बसले आणि चहासुद्धा स्वतःच्या पैशाने प्यायले. आम्ही दोन खोल्यांत संसार केला. मुलीच्या एम.एस्सी.च्या फीसाठी मी माझ्या पाटल्या मोडल्या. तिला ते अजून माहीत नाही. ती आता २८ वर्षांची असून पुण्यात एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि तिथल्याच एका सहकाऱ्याशी तिला लग्न करायचे आहे. मुलगा निर्व्यसनी आहे, समाजही आमचाच आहे. पण माण तालुक्यात चार एकर जिरायती जमीन, जुने घर, शिकणारी धाकटी बहीण आणि पुण्यात दोन मित्रांबरोबर भाड्याची खोली, एवढेच त्याचे सगळे. दुसरीकडे थोरल्या दिरांनी एका ठेकेदाराच्या घरचे स्थळ आणले आहे. बंगला, खडी क्रशर, डंपर, दारात फॉर्च्युनर. ‘आम्हाला काही नको, लग्न तेवढे तोलामोलाचे करून द्या’, असा त्यांचा निरोप आहे. मुलगी म्हणते, ‘आयुष्यभर बाबांचे कौतुक ऐकवलेस आणि माझ्या वेळी पैसा बघतेस?’

मागच्या महिन्यात पुतण्याच्या लग्नात माइकवरून नावे पुकारून फेटे बांधत होते. यजमानांच्या हाताखाली काम केलेल्या आणि आता बंगला असलेल्या गृहस्थांना व्यासपीठावर बोलावले. यजमानांचे नाव कोणी घेतले नाही. घरी येताना मी त्यांना बोलून गेले, ‘तुमच्या प्रामाणिकपणाने आम्हाला काय दिले?’ तेव्हापासून ते जेवढ्यास तेवढे बोलतात. येत्या रविवारी दीर उत्तर मागायला येणार आहेत. मूल्यांनी पोट भरते का, हे मला तुम्हाला विचारायचे आहे. मी लोभी झाले आहे का?

— एक आई, सातारा

सप्रेम नमस्कार.

तुम्ही लोभी झालेल्या नाहीत, हे आधी सांगते. कारण त्या शंकेचे ओझे घेऊन तुम्ही रविवारच्या बैठकीला बसलात, तर कोणताही निर्णय स्वच्छ मनाने घेता येणार नाही. ज्या बाईने स्वतःच्या पाटल्या मोडून मुलीला शिकवले आणि इतक्या वर्षांत तिला त्याचा उच्चारही ऐकवला नाही, तिला आज मुलीच्या संसारात सुबत्ता असावी असे वाटते, तेव्हा त्या वाटण्याला मी लोभ म्हणणार नाही. तो थकवा आहे, आणि त्याची दखल तुमच्या घरात कोणी घेतलेली दिसत नाही.

तुम्ही साताऱ्याच्या आहात, म्हणून साताऱ्याशेजारच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे आठवले. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनात खुद्द रघुनाथरावांना दोषी ठरवणारा हा न्यायाधीश आपल्याकडे निःस्पृहतेचा मानदंड मानला जातो. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. शास्त्रीबुवांच्या पत्नी पेशव्यांच्या वाड्यावर गेल्या असता तिथे त्यांना भरजरी वस्त्रे आणि दागिने घालून पालखीतून घरी पाठवण्यात आले, तेव्हा शास्त्रीबुवांनी दार लावून घेतले आणि ‘ही बाई या घरची नव्हे’ असे सांगून पालखी परत पाठवली. ही गोष्ट आपण नेहमी शास्त्रीबुवांच्या बाजूने सांगतो. बंद दारासमोर, भोयांच्या देखत, अंगावर मागून न घेतलेले दागिने घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईंना काय वाटले असेल, हे मात्र कोणी विचारत नाही. पुरुषाच्या सचोटीचा लौकिक होतो आणि त्या सचोटीचा रोजचा खर्च बहुधा त्याची बायको भागवते: किराण्याच्या यादीतून, जुन्या साडीतून, मोडलेल्या दागिन्यांतून. तुमच्या यजमानांनी लाच नाकारली, हे मोठेच काम होते. पण ती नाकारणे ज्यामुळे शक्य झाले, ती काटकसर तुम्ही केली. त्या प्रामाणिकपणाच्या तुम्ही निम्म्या भागीदार आहात. म्हणूनच ‘तुमच्या प्रामाणिकपणाने आम्हाला काय दिले?’ हा प्रश्न मला चुकीच्या जागी विचारलेला वाटतो. तो प्रामाणिकपणा त्यांच्या एकट्याचा नव्हता, आणि तो तुमचाही होता हे त्यांनी कधी तोंडाने म्हटले नसावे, असे तुमच्या पत्रावरून वाटते.

तुमच्याच जिल्ह्यातली दुसरी गोष्ट मला अधिक जवळची आहे. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली आणि वेगवेगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवतील असे वसतिगृह चालवले. त्या मुलांच्या जेवणासाठी पैसे उरले नाहीत, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही दिले. भाऊरावांना लोकांनी कर्मवीर म्हटले. त्या कर्मातले बरेचसे भांडवल लक्ष्मीबाईंच्या अंगावरून उतरले होते. आज त्या संस्थेत शिकून मोठे झालेले लोक साताऱ्यात घरोघर सापडतील, आणि लक्ष्मीबाईंजवळ किती तोळे सोने होते यावरून त्यांची किंमत करणारा एकही माणूस तुम्हाला भेटणार नाही. तुमच्या पाटल्यांतून एक मुलगी शिकली. ही त्याच जातीची गोष्ट आहे, आणि ती मुलीपासून लपवून ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. तिने तुम्हाला टोचून विचारले, कारण तिला अर्धाच हिशेब ठाऊक आहे. तिला उरलेला सांगा. उपकार म्हणून ऐकवू नका, घरात घडलेली गोष्ट म्हणून सांगा. आईला पैशाची ओढ कुठून लागली, हे कळल्यावर ती तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलेल, असा मला विश्वास वाटतो.

आता त्या लग्नातल्या सत्काराविषयी. माइकवर नावे पुकारणाऱ्याच्या हातात एक चिठ्ठी असते आणि त्या चिठ्ठीवर पुढे ज्यांच्याकडे काम पडणार आहे अशांची नावे असतात: सरपंच, सोसायटीचे चेअरमन, ठेकेदार, ज्यांच्याकडून आहेराचे पाकीट जाड येण्याची अपेक्षा आहे असे पाहुणे. त्या फेट्याला मी माणसाच्या लायकीचा निकाल मानत नाही. तरीही तो लागतो, आणि निवृत्त माणसाला अधिक लागतो, हे मला मान्य आहे. यजमानांना त्या दिवशी मांडवात डावलले गेले आणि घरी परतताना त्याच मापाने त्यांच्या पत्नीनेही मोजले. पहिला अपमान त्यांनी कदाचित गिळला असता. दुसरा गिळता आला नाही, म्हणून ते गप्प आहेत. माणसाला पैशावरून आणि प्रतिष्ठेवरून जोखले जाते तेव्हा काय होते, हे तुम्ही दोघांनी गेल्याच महिन्यात अंगावर घेतले आहे, आणि आता त्याच तराजूत तुम्ही माणमधल्या त्या मुलाला बसवत आहात. तो मुलगा आज ज्या जागी उभा आहे, तिथे तुमचे यजमान लग्नाआधी उभे असतीलच. तुमच्या वडिलांनी तेव्हा काय पाहून होकार दिला होता, हे एकदा आठवून पाहा.

‘मूल्यांनी पोट भरते का?’ या तुमच्या प्रश्नाला मी पोकळ उत्तर देणार नाही. भरत नाही. पोट पगाराने भरते, आणि म्हणून मुलगा किती कमावतो हे विचारणे यात कमीपणा नाही; प्रत्येक आईबापाने ते विचारलेच पाहिजे. माझी तक्रार इतकीच आहे की हल्ली आपण तेवढ्यावर थांबतो. आपल्याकडे जुन्या काळी सोयरीक जुळवताना चौकशी म्हणून जो प्रकार होता, त्यात घरची शेती किती हे तर विचारलेच जाई, पण देणेघेणे चोख आहे का, सुनेला कसे नांदवतात, भावबंदकीत कोर्टकज्जे किती, दारूचे काय, गड्याला मजुरी वेळेवर मिळते का, हेही शेजारच्या गावातून, दुकानदाराकडून आणि नात्यातल्या म्हाताऱ्या बायकांकडून काढून घेतले जाई. परंपरेतले जपण्यासारखे मूल्य म्हणाल तर ते या चौकशीत होते. आता बायोडाट्यात पॅकेज, फ्लॅट आणि ‘एकुलता एक, जबाबदारी नाही’ एवढे आले की चौकशी संपते, आणि वरकमाई असेल तर ती दोष म्हणून सांगण्याऐवजी हळू आवाजात गुण म्हणून सांगितली जाते. माणसाने किती मिळवले याच्या शेजारी ते कसे मिळवले हा प्रश्न नसेल, तर पहिल्या प्रश्नाचे उत्तर अर्धवटच राहते.

मात्र ‘आपली जुनी मूल्ये’ म्हणून सगळेच डोक्यावर घेण्याची माझी तयारी नाही. त्याच जुन्या चौकशीत कुळी पाहिली जात होती, हुंड्याचा आकडा ठरत होता, मुलीला कोणी विचारत नव्हते. तुमच्या पत्रातले ‘समाजही आमचाच आहे’ हे वाक्य अगदी सहज आले आहे. ते जर तसे नसते तर मुलगा तुमच्या मनात इथवरही पोहोचला असता का, हे स्वतःला विचारावे, इतकेच सांगते. प्रतिष्ठेचा तराजू श्रीमंतांनी नव्याने आणलेला नाही, तो परंपरेतही होता. आणि त्याला नकार देणारी परंपरासुद्धा इथलीच आहे. १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला आणि त्याच वर्षी त्या समाजाने अगदी थोड्या खर्चात, भटजीवाचून लग्न लावून दाखवले. ते ज्यांनी केले त्या जोतीराव फुल्यांचे मूळ गाव कटगुण आणि सावित्रीबाईंचे माहेर नायगाव, ही दोन्ही तुमच्याच जिल्ह्यात आहेत. गाडगेबाबा पुढे आयुष्यभर गावोगावच्या कीर्तनांतून हेच सांगत राहिले, की कर्ज काढून लग्न आणि सण साजरे करू नका.

यावरून मी ठेकेदाराच्या त्या निरोपाकडे येते, कारण तुमच्या पत्रात मला खरी काळजी वाटली ती त्या एका वाक्याची. ‘आम्हाला काही नको’ असे म्हणणाऱ्याने पुढे स्वल्पविराम दिला की सावध व्हावे. तोलामोलाचे लग्न म्हणजे कोणाच्या तोलाचे? त्यांच्या. म्हणजे मोठे मंगल कार्यालय, शेकडो पाने, दोन्हीकडच्या नात्यागोत्याचे मानपान आणि पोशाख, मुलीच्या अंगावर लोकांना दिसेल इतके सोने. १० ग्रॅम सोन्याच्या भावाने २०२५ मध्ये १ लाख रुपयांचा टप्पा ओलांडला आहे. भांडारपालाची ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी यांतून हे भागवायचे तर तुमच्या दोघांच्या म्हातारपणाची तरतूद एका दिवसात संपेल, आणि तेवढे करूनही तुमची मुलगी त्या घरात कमी तोलाच्या घरून आलेली सूनच राहील. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ पासून आहे. लग्नाच्या संबंधाने लग्नाआधी, लग्नात किंवा नंतर, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष दिलेली मालमत्ता आणि मौल्यवान वस्तू त्यात हुंडा ठरतात. घेणारा आणि देणारा दोघेही दोषी असतात आणि शिक्षा सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षांची आहे. लग्नाच्या थाटामाटाची अपेक्षा त्यात कितपत बसते हा वकिलांचा विषय झाला. पण पहिला निरोपच जिथे तुमच्या खर्चाविषयी आहे आणि मुलीच्या शिक्षणाविषयी, नोकरीविषयी एक शब्दही नाही, तिथे पुढचे निरोप कशाविषयी येतील याचा अंदाज तुम्ही करू शकता.

मी श्रीमंतांवर राग धरून हे लिहीत नाही. कष्टाने, हिशेब चोख ठेवून, माणसे सांभाळून धंदा वाढवलेली घरे मी पाहिली आहेत आणि अशा घरी मुलगी दिली तर त्यात काही गैर नाही. तसेच गरिबी म्हणजे सद्गुणाचे प्रमाणपत्र नव्हे. चार एकर जिरायतीच्या घरातही बायकोचा पगार स्वतःच्या हातात ठेवणारा, बहिणीला एक आणि बायकोला दुसरा न्याय लावणारा नवरा असू शकतो. तेव्हा दोन्ही घरांना एकच माप लावा आणि ते माप नीट वापरा.

ठेकेदाराच्या घरचा बंगला आणि क्रशर कोणाच्या नावावर आहेत, डंपर आणि फॉर्च्युनरवर कर्ज किती आहे, हे विचारायला लाजू नका. वित्तसंस्थेचा बोजा असेल तर गाडीच्या आरसी पुस्तकावर त्याची नोंद असते. सरकारी कामांची बिले वर्ष वर्ष अडकतात आणि त्या काळात दारातली गाडी तशीच चकाकत असते. ‘घरचा व्यवसाय बघतो’ म्हणजे मुलगा नेमके काय करतो? आणि सर्वांत महत्त्वाचे, त्यांच्या ड्रायव्हरला, क्रशरवरच्या मजुरांना पगार कधी मिळतो आणि हाक कोणत्या शब्दांत मारली जाते? हे तुम्हाला त्यांच्या दिवाणखान्यात कळणार नाही. तुमच्या यजमानांना मात्र त्या क्षेत्रातली सगळी माणसे ओळखतात. त्यांनी दोन फोन केले तरी खरी माहिती मिळेल. इतकी वर्षे त्या खुर्चीवर स्वच्छ राहिलेल्या माणसाला लोक खरे सांगतात. त्यांच्या प्रामाणिकपणाने काय दिले, याचे एक उत्तर त्या फोनवर तुम्हालाही ऐकू येईल.

माणच्या घरीही असेच जा. जमिनीचा सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन पाहता येतो. ‘इतर हक्क’ या रकान्यात विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा दिसेल. उरमोडी धरणाचे पाणी त्या शिवारापर्यंत आले आहे का, की घर अजून पावसावर आणि मुलाच्या पगारावरच चालते, हे विचारा. बहिणीचे शिक्षण आणि लग्न यांची जबाबदारी तो किती वर्षे उचलणार आहे, याविषयी त्याने तुमच्या मुलीशी स्पष्ट बोलावे, आकडे मांडून बोलावे. दोघांचे पगार मिळून पुण्यात भाडे, किराणा, आरोग्य विमा आणि गावाकडचे पैसे भागून महिन्याला काय शिल्लक राहते, हे कागदावर लिहून पाहिले तर तुमची निम्मी भीती उतरेल किंवा तिला नेमके रूप येईल, दोन्ही चांगलेच. बहिणीला शिकवणाऱ्या भावाचा खिसा आज रिकामा दिसतो, हे खरे. पण तो खिसा कशासाठी रिकामा झाला, याची किंमत तुमच्याइतकी दुसऱ्या कोणाला कळणार? तुम्हीही एकदा फीसाठीच रिकाम्या झाला होतात.

निर्णय अखेर तुमच्या मुलीचा आहे. ती २८ वर्षांची आहे, कमावती आहे, आणि संसार तिला करायचा आहे. तुमचे काम तिला मापे देण्याचे आणि तिच्याकडून राहून गेलेले प्रश्न विचारण्याचे. ते तुम्ही उत्तम कराल, कारण तुटपुंज्या पैशात घर कसे चालते याचे ज्ञान त्या बैठकीतल्या कोणापेक्षाही तुम्हाला अधिक आहे. तिला फक्त इतके सांगा की हलाखीचे कौतुक करून संसार करू नये. दोघांनी बचत करावी, वेळेवर घर घ्यावे, दोघांचेही नाव त्यावर असावे.

आता रविवार. त्याआधी एका संध्याकाळी यजमानांसमोर बसा. लग्नातून परतताना बोललात ते रागाने बोललात, असे म्हणून ते मागे घेऊ नका. त्याऐवजी त्या प्रश्नामागचा हिशेब त्यांना सांगा. पाटल्यांचे त्यांना ठाऊक असेल, पण त्या मोडल्या तेव्हा तुम्हाला काय वाटले, हे त्यांनी कधी ऐकले आहे का? त्यांना ऐकू द्या. आणि मग ती नोकरी तशी करणे त्यांना का जमले, त्यांना कधी मोह झाला का, हे तुम्ही विचारा. इतक्या वर्षांत हा संवाद तुमच्यात झाला नसावा, असे मला वाटते.

दिरांना उत्तर तुम्ही देऊ नका, यजमानांना देऊ द्या; ते त्यांचे थोरले भाऊ आहेत आणि मुलीच्या बापाचा शब्द त्यांना टाळता येणार नाही. ‘दादा, तुम्ही काळजीने स्थळ आणलेत, पण लग्न आम्ही आमच्या ऐपतीने करणार आहोत आणि मुलगी नोकरी सोडणार नाही. हे त्यांना कळवा आणि मग ते काय म्हणतात ते आम्हाला सांगा’, एवढे पुरे. त्यांचा जो काही प्रतिसाद येईल, तो बंगल्यापेक्षा जास्त माहिती देईल. माणला मात्र उत्तराची वाट न पाहता, याच पंधरवड्यात जा. दहिवडीपर्यंत एसटीने जा, मुलाला आधी कळवा, एक रात्र राहा, आणि जेवणे झाल्यावर मुलाच्या आईशी थोडा वेळ एकट्याने बोला.